शेवटचा खेळ नसलेला खेळ : वैद्यकीय विद्यार्थी आणि व्हिडिओ गेम



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "वैद्यकीय विद्यार्थी आणि व्हिडिओ गेम." फोनवर थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे ना?" त्यांचं बरोबर होतं. मी डॉक्टर आहे तो कागदावरचा, मला नाडी बघता येत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं गेमबद्दल बोलायचं म्हणजे 'आमच्या वेळी असं नव्हतं' एवढंच ऐकायला मिळणार, अशी त्यांना भीती वाटली असेल. आज मी नेमकं तेच तपासणार आहे, म्हणजे आमच्या वेळी काय होतं आणि काय नव्हतं.

विषय सुचला तो घरातून. माझ्या भाचीचा मुलगा एमबीबीएस करतो आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. त्याची परवानगी घेऊन बोलतोय, पण परवानगी गोष्टीपुरती आहे, ओळखीपुरती नाही. तालुक्याच्या गावातला मुलगा, दहावी-बारावीला पहिला, नीटला उत्तम गुण. पहिल्या वर्षी फिजिऑलॉजीत नापास झाला. भाचीचा फोन आला, "मामा, रात्रभर मोबाइलवर गेम खेळतो हो. तुम्ही जरा बोला ना त्याच्याशी." मी म्हटलं, "बोलून काय होणार? राहायला पाठव." मग तो पंधरा दिवस आमच्याकडे, इथे बुधवार पेठेत राहिला.

एका संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो. आधी अप्पा बळवंत चौक. पुण्यातल्या चार-पाच पिढ्यांनी जिथून पाठ्यपुस्तकं घेतली तो हा चौक. चौरसियांच्या अॅनाटॉमीचे खंड दुकानाच्या दर्शनी भागात रचलेले होते. तिथे हा मान खाली घालून चालत होता. पुढे पाच-दहा मिनिटांत आम्ही तपकीर गल्लीत आलो. वायरी, स्पीकर, हेडफोन, मोबाइलचं सामान. तिथे त्याची मान वर आली. कुठल्या हेडफोनमध्ये शत्रूच्या पावलांचा आवाज नीट येतो, हे तो मला समजावून सांगायला लागला. डोळ्यांत चमक होती. माझ्या मनात आलं, ही चमक चौरसियांच्या पुस्तकासमोर कधी विझली असेल?

चहाला बसलो. मी विचारलं, "अरे, किती वेळ खेळतोस?"

"आधी तासभर खेळायचो, नाना. मग रात्रीचे दोन, तीन. आता मोजतच नाही."

"एवढं आवडतं?"

तो जरा थांबला. "आता आवडत पण नाही तेवढं."

"मग?"

"नाना, वॉर्डात मला कोणी नावानं ओळखत नाही. गेममध्ये रात्री अकरा वाजता तिघं जण माझी वाट बघत असतात."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आजचं व्याख्यान खरं म्हणजे त्या वाक्याचा शोध आहे.

आधी शब्दांचा हिशेब नीट करू. हल्ली कोणी दोन तास गेम खेळला की आपण 'व्यसन' म्हणतो. वैद्यकशास्त्र इतकं सैल बोलत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेनं २०१३ सालच्या डीएसएम-५ या ग्रंथात इंटरनेट गेमिंगचा विकार 'आणखी अभ्यास हवा' या विभागात घातला. नऊ लक्षणं दिली आणि वर्षभरात त्यातली पाच दिसली तर विचार करा, असं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आलं. २०१९ साली ते संमत झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात मुख्य तीन गोष्टी आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो. हे साधारण बारा महिने दिसायला हवं, आणि त्यानं शिक्षण, काम, नाती यांचं ठळक नुकसान व्हायला हवं.

म्हणजे नुसते तास मोजून निदान होत नाही. रोज दोन तास खेळून पहिला येणारा मुलगा रुग्ण नाही. आकड्यांचंही असंच आहे. २०२१ साली एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात १७ देशांतले ५३ अभ्यास एकत्र केले होते. जगभरात प्रमाण सुमारे ३ टक्के निघालं, आणि ज्या अभ्यासांची निवडपद्धत काटेकोर होती तेवढेच धरले तर ते २ टक्क्यांच्या आसपास आलं. तेव्हा 'अख्खी पिढी वाया गेली' असं कोणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण दोनशे मुलांच्या वर्गात दोन टक्के म्हणजे चार मुलं. त्या चौघांच्या आईवडिलांना टक्केवारीचा काही दिलासा नसतो.

आता इतिहासाकडे येऊ. त्यासाठी लांब जायला नको, ही पेठ पुरेशी आहे.

१८४८ साली याच पेठेत, भिडे वाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. तेव्हाच्या शिष्ट पुणेकरांची खात्री होती की मुलीच्या हाती पुस्तक आलं की मुलगी बिघडली. म्हणजे 'तरुण पिढी बिघडवणारी वस्तू' या यादीत एके काळी पाटी-पुस्तकसुद्धा होतं! हे मी मुद्दाम पहिल्यांदा सांगतोय. थोरांची भीती ही थोरांची आहे म्हणून खरी ठरत नाही.

पुढे १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली आणि अद्भुत कादंबऱ्यांची रीघ लागली. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी 'नावल व नाटक' यांवर निबंध लिहून या नव्या प्रकारांची झाडाझडती घेतली. कादंबरी तेव्हा नवी होती आणि तिच्याकडे संशयानं बघणारे पुष्कळ होते. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं. मग संगीत नाटकाचं वेड, आणि वेडाबरोबर तक्रार : पोरं अभ्यास सोडून पदं म्हणत हिंडतात. १९३४ साली अप्पा बळवंत चौकात 'प्रभात' चित्रपटगृह सुरू झालं. शाळा जवळ, पुस्तकांची दुकानं जवळ आणि सिनेमाही जवळ. मी स्वतः शाळा बुडवून मॅटिनीला गेलो आहे. वडिलांना कळलं, मग जे व्हायचं ते झालं. पुढे टीव्ही आला, व्हिडिओ आला, सायबर कॅफे आले. प्रत्येक वेळी तीच तक्रार झाली, आणि जग बुडालं नाही.

मग कोणी म्हणेल, "सर, गेमचंही तसंच होईल की! तुमची भीती म्हणजे मराठ्यांच्या निबंधाची पुढची आवृत्ती." हा आक्षेप योग्य आहे. बरीच वर्षं माझंही मत हेच होतं. आयसीडीमध्ये हा विकार घालायचं ठरत होतं तेव्हा काही संशोधकांनी खुलं पत्र लिहून हाच धोका दाखवला होता. घाईनं रोग जाहीर कराल तर साध्या आवडीलाही रोग म्हणाल, असं त्यांचं म्हणणं.

पण त्या संध्याकाळी घरी परत येताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दुकानांची शटर पडत होती.

आपल्या मराठीत 'खेळ' हा शब्द फार मोठा आहे. मुलांचा खेळ, पत्त्यांचा खेळ, आणि नाटक-सिनेमाचाही खेळच. पहिला खेळ, दुसरा खेळ, शेवटचा खेळ. आम्ही सिनेमाला जायचो तेव्हा 'शेवटचा खेळ' ही ठरलेली वेळ होती. तो संपला की दिवे लागायचे, दारं उघडायची, सायकल काढून घरी. कादंबरीला शेवटचं पान असतं. संगीत नाटक पहाटेपर्यंत चालायचं, तरी भरतवाक्य व्हायचंच. सुरुवातीच्या व्हिडिओ गेमलाही हा नियम होता. १९७८ साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' आला तो नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर. नाणं संपलं, खेळ संपला. सायबर कॅफेत ताशी पैसे द्यावे लागत, आणि रात्री मालक म्हणायचा, "चला रे, बंद करायचंय." पुण्यात तर दुकान दुपारी एक ते चार बंद ठेवायची ख्याती! आपण त्यावर विनोद करतो. पण कुठलीही गोष्ट बंद व्हायची वेळ असणं हे किती मोठं संरक्षण होतं, हे ती गेल्यावर कळलं.

ती गेली कधी? माझ्या मते २०१६ ते २०१८ या काळात. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलचा डेटा एकदम स्वस्त झाला. २०१८ साली 'पबजी मोबाइल' आला, आणि तो फुकट होता. फुकट खेळाचं अर्थकारण लक्षात घ्या. नाटकवाल्याला तुम्ही तिकीट काढलंत की पैसे मिळाले, तुम्ही घरी गेलात तरी त्याचं काही बिघडत नाही. फुकट गेम बनवणाऱ्याला पैसे मिळतात ते तुम्ही परत परत आलात तर. म्हणून त्यात रोजची बक्षिसं असतात, ठरावीक मुदतीचे हंगाम असतात, आज आला नाहीत तर काहीतरी हुकतं. त्यात शेवटचा खेळ ठेवला तर धंदा बसेल. सरकारनं २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी घातली, जुलै २०२१ मध्ये भारतासाठीची वेगळी आवृत्ती आली. बंदी आली, गेली. रात्र मात्र तशीच उघडी राहिली.

माझ्या भाचीच्या मुलाला हे सगळं माहीत होतं. किंबहुना मला जे कळलं त्यातलं निम्मं त्यानंच शिकवलं. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग त्यानं सांगितले. बक्षीस दर वेळी न मिळता कधी मिळेल याचा नेम नसेल, तर प्राणी कळ दाबतच राहतो. १९९८ सालचा लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातला प्रयोग सांगितला. व्हिडिओ गेम खेळताना मेंदूच्या स्ट्रायटम भागात डोपामिन सुटतं, असं त्यात स्कॅनवर दिसलं होतं. मी म्हटलं, "अरे, तू फिजिऑलॉजीत नापास कसा झालास?" तो हसला. म्हणाला, "नाना, हे सगळं रात्री तीन वाजता गेम संपल्यावर वाचलं."

मंडळी, आता माझ्या विषयाचं दार उघडलं. मराठीत चार शब्दांत एक आख्खं तत्त्वज्ञान आहे : कळतं पण वळत नाही. ग्रीक लोक याला अक्रासिया म्हणत. सॉक्रेटिसला हे मान्यच नव्हतं. त्याचं म्हणणं, ज्याला खरंच कळलं तो वळणारच, वळला नाही म्हणजे कळलंच नाही. अॅरिस्टॉटलला हे पटेना, कारण आजूबाजूला अशी माणसं त्याला दिसत होती. त्यानं एक बारीक भेद केला. ज्ञान जवळ असणं वेगळं आणि त्या क्षणी ते वापरात असणं वेगळं. झोपलेल्या किंवा प्यायलेल्या माणसाकडेही ज्ञान असतं. त्यानं आणखी एक उदाहरण दिलं, नव्यानं शिकलेल्या विद्यार्थ्याचं. तो वाक्यं घडाघडा म्हणतो, पण ती अजून त्याच्या अंगात मुरलेली नसतात. मुरायला वेळ लागतो. पहिल्या वर्षाचा वैद्यकीय विद्यार्थी डोपामिनचा मार्ग पाठ म्हणतो तो असाच.

मी हे पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं. आणि आता कबुली देतो. आमच्या विभागात पहिला संगणक आला तेव्हा त्यात पत्त्यांचा 'सॉलिटेअर' होता. एका विद्यार्थिनीचा प्रबंध तपासायला घेतला होता, विषय इच्छाशक्ती. तो बाजूला ठेवून मी रोज संध्याकाळी तासन्तास सॉलिटेअर खेळायचो. एक डाव, आणखी एक डाव. प्रबंध दोन महिने रखडला. त्या मुलीला मी सांगितलं की काम फार आहे. ती गप्प बसली, कारण मी तिचा मार्गदर्शक होतो. मी सुटलो ते अॅरिस्टॉटलमुळे नाही. शिपाई सात वाजता येऊन म्हणायचा, "सर, कुलूप लावायचंय." सुटलो ते त्याच्यामुळे!

हे आपल्या परंपरेला नवीन नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं सूक्त आहे. घर मोडलंय, बायको दुरावलीय, हे त्याला स्वच्छ दिसतंय, तरी फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. महाभारतात द्यूत खेळून सर्वस्व घालवतो तो कोण? ज्याला धर्म सगळ्यात जास्त कळतो तो युधिष्ठिर. व्यासांनी ही निवड उगीच केली नसणार. वनवासात त्याला बृहदश्व ऋषी नळाची गोष्ट सांगतात. नळही द्यूतात राज्य हरला, दमयंतीला सोडून गेला, आणि वेष बदलून ऋतुपर्ण राजाच्या पदरी सारथी झाला. एक दिवस ऋतुपर्णानं बेहड्याच्या झाडावरची फळं आणि पानं नुसती बघून मोजून दाखवली, आणि नळाला अक्षहृदय दिलं, म्हणजे फाशांच्या खेळाचं आतलं गणित. ते कळलं तेव्हा त्याच्या अंगातून कली बाहेर पडला.

म्हणजे ज्ञानानं सुटका होते? होते, पण गोष्ट नीट वाचा. ते गणित मिळायच्या आधी नळ रोज घोड्यांची देखभाल करत होता, त्याच्या हाताला काम होतं. आणि दमयंतीनं त्याला शोधायचं सोडलं नव्हतं. खेळाचं आतलं गणित, हाताला रोजचं काम, आणि आपल्याला शोधणारं माणूस. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा तो सुटला. आपण मुलांना यातलं पहिलं तेवढं देतो, तेही व्याख्यानातून.

आता त्या वाक्याकडे येतो. "वॉर्डात मला कोणी नावानं ओळखत नाही."

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. आपण ते दारूच्या दुष्परिणामांचं नाटक म्हणून लक्षात ठेवतो. पण सुधाकर पहिला प्याला कधी घेतो? तो हुशार वकील आहे, मानी आहे. कोर्टात खटका उडतो, सनद काही महिने रद्द होते, आणि तो अपमान त्याला सोसवत नाही. तो पहिला प्याला चैनीचा नाही, दुखावलेल्या हुशार माणसाचा आहे.

आता वैद्यकीय प्रवेशाचं गणित बघा. २०२४ साली नीटला २३ लाखांवर मुलं बसली. देशात एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख. म्हणजे आत येणारा प्रत्येक जण आपापल्या गावचा पहिला. पण वर्गात पहिला एकच असतो. बाकी सगळे आयुष्यात पहिल्यांदाच 'साधारण' होतात. ज्याला आजवर सगळ्यांनी 'हुशार' याच नावानं हाक मारली, त्याचं ते नावच जातं. त्याच वेळी हातात असा खेळ येतो की जिथे दर वीस मिनिटांनी नवा डाव, नवी संधी, तुमची श्रेणी ठळक दिसते आणि तिघं जण वाट बघत असतात. त्याला खेळाची ओढ वाटली याचं मला आश्चर्य वाटत नाही.

त्यात दुसरी गंमत अशी की अभ्यासालाही शेवटचा खेळ राहिलेला नाही. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल आला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीला पंचवीस हजारांवर पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यातल्या २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याचा त्रास असल्याचं सांगितलं. आपणहून उत्तर देणाऱ्यांची ही पाहणी आहे, तेव्हा आकडा जपून वापरायचा. पण अहवालाच्या शिफारशी बोलक्या आहेत : निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको, आठवड्याला एक सुट्टी हवी, सात-आठ तास झोप हवी. झोप हवी हे सरकारी अहवालात लिहावं लागतं! ज्या व्यवसायात मोठ्यांनाच बंद व्हायची वेळ नाही, तिथे विसाव्या वर्षीच्या मुलाला 'अकराला मोबाइल बंद कर' म्हणायचा आपल्याला कितपत अधिकार?

तरी पुण्याच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा एक वेगळा इतिहासही आहे. इथे वैद्यकीय शिक्षण १८७८ पासून, बी. जे. मेडिकल स्कूल सुरू झालं तेव्हापासून चालू आहे. १९४६ साली त्याचं महाविद्यालय झालं. तिथून डॉक्टर झालेले श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे हे नाटकात गेले. १९७२ सालच्या 'घाशीराम कोतवाल'चे दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ आणि नाना फडणवीस मनोविकारतज्ज्ञ! त्यांच्या घरीही कोणीतरी म्हणालंच असेल, "नाटकं पुरे, अभ्यास कर." मीही इथे सावध राहतो. आपल्याला नाव झालेले आठवतात. तालमीपायी नापास झालेले कोणाला आठवत नाहीत. पण एक फरक खरा आहे. तालीम संपायची, चहाला सगळे बरोबर जायचे, कोणी आला नाही तर दुसऱ्या दिवशी खोलीवर जाऊन विचारायचे, "काय रे, कुठे होतास?" त्या वेडाला माणसांची कड होती.

गेममध्ये काहीच चांगलं नाही असंही मी म्हणणार नाही. २००७ साली जेम्स रॉसर आणि सहकाऱ्यांनी ३३ सर्जनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वी आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या, कामही २७ टक्के लवकर उरकलं. छोटा अभ्यास आहे, त्यावरून गेमनं सर्जन घडतो असं ठरत नाही. पण हेच बोट, हीच नजर उद्या कोणाच्या पोटात दुर्बीण घालणार आहे, हे लक्षात ठेवून आपण या मुलांशी बोलावं.

मग करायचं काय? कायदा? चीननं २०२१ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना आठवड्यातले शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्ट्या, एवढ्याच दिवशी एकेक तास ठरवून दिला. दक्षिण कोरियानं २०११ साली सोळाखालच्यांना मध्यरात्रीनंतर खेळायला बंदी केली आणि दहा वर्षांनी ती उठवायचं ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. ते योग्यच, जुगाराविरुद्धचा कायदा तर मुंबई इलाख्यात १८८७ पासून आहे. पण वैद्यकीय विद्यार्थी सज्ञान आहे आणि त्याचा खेळ पैशाचा नाही. त्याला यातला एकही कायदा लागू होत नाही. त्याचं शटर त्याला स्वतःच पाडावं लागणार, आणि एकट्यानं शटर ओढणं फार जड असतं.

मदतीच्या जागा आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र केंद्र आहे. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, माणूस वाईट नसतो, आणि तो माणसांच्या गटात बरा होतो, हे महाराष्ट्राला त्यांनी शिकवलं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. वैद्यकीय विद्यार्थ्याला फोन करायची लाज वाटते, कारण उद्या तो स्वतः या खुर्चीत बसणार असतो. ती लाज घालवणं हे त्याच्या प्राध्यापकांचं काम आहे. वॉर्डात मुलाला नावानं हाक मारणं, आठवडाभर दिसला नाही तर चौकशी करणं, यासाठी कुठलाही निधी मंजूर करून घ्यावा लागत नाही.

आम्ही घरी काय केलं ते सांगतो आणि थांबतो. मी मोबाइल काढून घेतला नाही. रात्री साडेदहाचा 'शेवटचा खेळ' ठरवला. त्यानं ते आपल्या तिघा सोबत्यांना आधीच सांगितलं. त्यातला एक जण म्हणाला म्हणे, "बरं झालं, मला पण झोपायचंय." रोज सकाळी तो मला फिजिऑलॉजी शिकवायचा, तासभर. मला एकच गोष्ट तीनदा विचारायची सवय आहे, त्यामुळे त्याचं तीनदा वाचून व्हायचं. तो परत गेला. पुरवणी परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे.

मागच्या आठवड्यात फोन आला. "नाना, काल परत दोन वाजले."

मी विचारलं, "आज?"

"आज साडेदहाला बंद केला. म्हणून तर फोन करतोय."

घड्याळात अकराला पाच कमी होते. एरवी मी दहालाच झोपतो. त्या रात्री जागा होतो, आणि बरं झालं जागा होतो.